नसलेल्या गिअरबॉक्सची तक्रार

गाडी टोचन न लावता आली, त्यामुळे मी निवांत होतो. मीटरवर एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन आणि ब्रेक असे तीन दिवे पेटलेले. मालक वैतागलेले होते. "दादा, हे तिसरं गॅरेज. एबीएसचा पंप गेला म्हणून दुसऱ्या गाडीतलं युनिट बसवलं. ब्रेक लागतात व्यवस्थित, पण दिवे जात नाहीत. आता म्हणतात सगळं वायरिंग बदला."

स्कॅनर लावला. एबीएसच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे ते चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, एकच फॉल्ट: यू०१०१, गिअरबॉक्सच्या मॉड्यूलशी संपर्क नाही. पुसला की दोन सेकंदांत परत हजर. आधीच्यांनी वायरिंग का सोललं होतं ते कळलं, आणि मीही त्याच वाटेने निघालो.

बॅटरीची निगेटिव्ह काढून, स्कॅनर जिथे लागतो त्या ओबीडी कनेक्टरच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मल्टिमीटर धरला. कॅन लाईन म्हणजे सगळी मॉड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती दोन तारांची जोडी. तिच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही समांतर, म्हणून मधे ६० दिसायला हवेत. ६०.४ दिसले. बॅटरी जोडून व्होल्टेजचा आलेख दाखवणारा स्कोप लावला. लाईन शांत असताना दोन्ही तारा २.५ व्होल्टवर, सिग्नल आला की एक ३.५ कडे चढते, दुसरी १.५ कडे उतरते. चित्र पुस्तकात छापावं इतकं स्वच्छ. इंजिन, स्टिअरिंग, एअरबॅग सगळे बोलत होते आणि गिअरबॉक्सबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती, ओरडत होतं ते एकटं एबीएस. इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. मी मात्र कनेक्टर उघडून हिरवट गंज शोधत बसलो. अर्धा दिवस गेला.

शेवटी चालवून बघू म्हणून बसलो. क्लच दाबला, पहिला टाकला आणि हात तसाच नॉबवर राहिला. क्लच! गाडी मॅन्युअल होती. ज्या मॉड्यूलशी संपर्क तुटल्याची बोंब चालली होती, ते ऑटोमॅटिक गाडीतलं, या गाडीत कंपनीतूनच आलेलं नव्हतं.

खाली उतरून एबीएसच्या ओळखीचं पान उघडलं. त्यातला चॅसी नंबर समोरच्या गाडीचा नव्हता. युनिट ऑटोमॅटिक गाडीतून काढलेलं, कोडिंगही तिचंच. पार्ट नंबर जुळतो म्हणजे काम झालं, हा समज फार महागात पडतो. एकच युनिट बऱ्याच मॉडेलांत बसतं. इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, चढावर धरून ठेवायची सोय आहे की नाही, हे त्याला कोडिंगमधल्या बाइट्समधून सांगावं लागतं. याला ऑटोमॅटिक सांगितलेलं, म्हणून ते इमानेइतबारे गिअरबॉक्सच्या मेसेजची वाट बघत होतं.

तशाच दुसऱ्या गाडीचं कोडिंग उतरवून टाकणं सोपं होतं. पण एखादा पर्याय वेगळा निघतो आणि नवंच लचांड मागे लागतं. ब्रेकच्या बाबतीत तर मी ते करतच नाही. मालकांना विचारलं, जुनं युनिट? डिकीत होतं, फडक्यात गुंडाळून. पंपाची मोटर मेलेली, पण वरचं इलेक्ट्रॉनिक्स शाबूत असेल तर वाचता येईल. इग्निशन बंद करून कनेक्टर त्याला लावला आणि ते जड धूड मी हातात धरून उभा राहिलो. ब्रेक ऑइल ठिबकून रंग खाऊ नये म्हणून खाली फडकं. पोरगा स्कॅनरवरचे बाइट्स एकेक वाचत होता, मी म्हटलं, "परत वाच." दोनदा जुळलं तेव्हाच लिहून घेतलं.

नवं युनिट परत जोडलं, कोडिंग पाठवलं. उत्तर: ७एफ २ई ३३, म्हणजे नकार, परवानगी नाही. सुरक्षेची पायरी घाईत मीच विसरलो होतो. ती करून पुन्हा पाठवलं, ७एफ २ई २२. परिस्थिती योग्य नाही. दिवसभर इग्निशन चालू राहून बॅटरी ११.८ व्होल्टवर आली होती. स्थिर सप्लाय लावून १३.५ वर नेली आणि तिसऱ्यांदा पाठवलं. ६ई. घेतलं. पाठोपाठ चॅसी नंबरही.

एवढ्याने संपत नाही. चाकं सरळ करून स्टिअरिंग अँगल शून्यावर घेतला, सपाट फरशीवर झुकावाचा सेन्सरही. मग फेरी. दिवे गेले. सैल खडीवर जोरात ब्रेक मारला तेव्हा पेडल पायाखाली थरथरलं. एबीएस जिवंत.

मालकांनी विचारलं, "काय बदललं?" काहीच नाही, म्हटलं. त्यांचा विश्वास बसेना. आधीच्या गॅरेजने सोललेल्या वायरिंगला परत टेप गुंडाळण्यात मात्र आणखी तासभर गेला.