सळई

२० जानेवारी

आज विल्यम लॅम्ब्टन यांचा स्मृतिदिन. सकाळच्या एसटीने हिंगणघाटला गेलो, त्यांच्या कबरीवर फुले ठेवली आणि दुपारपर्यंत घरी परतलो. मोजणीचे ठाणे हैदराबादहून नागपूरला हलवण्यासाठी ते निघाले होते. वाटेत हिंगणघाट येथे १८२३ साली याच तारखेला त्यांचे निधन झाले. भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचा पाया घालणारा माणूस आमच्या वर्धा जिल्ह्याच्या मातीत विसावला आहे, हे मला जमीन मोजणीच्या नोकरीची बरीच वर्षे सरल्यावर कळले, आणि तेव्हापासून ही तारीख मी चुकवलेली नाही.

१० एप्रिल १८०२ रोजी त्यांनी मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजायला घेतली. लांबी जेमतेम साडेसात मैल, म्हणजे सुमारे १२ किलोमीटर. पण तिला ५७ दिवस लागले. १०० फुटांची पोलादी साखळी उन्हाने वाढते, म्हणून ती लाकडी पन्हळींत ठेवायची, वर सावली धरायची, शेजारी तापमापक ठेवून प्रत्येक वेळी नोंद करायची आणि असे चारशेवेळा करायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभे राहतात; म्हणजे त्या पहिल्या रेषेतली वीतभर चूकही पुढे शेकडो मैलांच्या मोजणीत वाढत जाणार होती. शेतजमीन मोजताना शेजारच्या गटाचा नकाशा हाताशी असतो, त्यावरून आपले चुकले की नाही ते ताडून पाहता येते. त्यांच्यापुढे ताडून पाहायला काहीच नव्हते. कोऱ्या मुलखात मोजणाऱ्याने आपली चूक आपणच शोधायची असते, आणि या कामाची सगळी धास्ती व सगळी ओढ मला तरी तिथेच दिसते.

१८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटून त्यांचे अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे दुर्बिणीचे यंत्र, भिंतीवर आदळले आणि त्याचे अंशांच्या खुणांचे चक्र वाकले. दुसरे यंत्र विलायतेहून यायला कित्येक महिने गेले असते. त्यांनी तंबूत बसून सहा आठवडे पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून ते चक्र पुन्हा गोल केले आणि त्याच यंत्राने काम पुढे चालवले. हा प्रसंग आठवला की आजही माझे हात जोडले जातात.

जंगलातल्या कामाची अडचण तर फारच निर्दय होती. दूरची टेकडी स्वच्छ दिसायची ती पावसाने हवा धुऊन निघाल्यावर, आणि हिवतापाचे दिवसही नेमके तेच. त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट कृष्णा-गोदावरीच्या मधल्या रानात असेच तापाने पडले, त्यांच्यासोबतची माणसेही पडली, आणि प्रकृती सावरण्यासाठी १८२० मध्ये त्यांना केप ऑफ गुड होपला जावे लागले. झेंडी धरून उभ्या राहिलेल्या, झाडे तोडून दृष्टिरेषा मोकळी करणाऱ्या त्या गड्यांची नावे मात्र फारशी कुठे लिहिलेली नाहीत, याचे मला वाईट वाटते.

माझ्या वाट्याला असा कोरा मुलूख एकदाच आला. सातपुड्यातल्या एका पाड्याची त्याआधी कधी मोजणी झालेली नव्हती. बांध होते, पण कागद नव्हता. नकाशा आखायचा फलक, त्याची तिवई आणि ३३ फुटांची शंकू साखळी घेऊन आम्ही पाच दिवस शिवेवरून फिरलो. साखळीचे टोक पडेल तिथे पुढच्या गड्याने लोखंडी सळई खोचायची, मागच्याने ती उपटून गोळा करायची आणि शेवटी सळया मोजून साखळ्यांचा आकडा लिहायचा, अशी ती रीत. पाचव्या दिवशी संध्याकाळी शेवटची रेषा कागदावर आखली, तेव्हा ज्या दगडापासून आम्ही निघालो होतो त्यावरच ती येऊन मिळायला हवी होती. ती जवळजवळ एका साखळीने अलीकडे राहिली.

रात्री कंदिलाच्या उजेडात मी त्या फटीकडे पाहत बसलो. तिची दिशा पट्टीने ताडली, तेव्हा ती नाल्यापलीकडच्या एकाच रेषेला समांतर निघाली. चूक एका साखळीची आणि एकाच रेषेतली. म्हणजे कोन बरोबर होते आणि कुठेतरी एक सळई मोजायची राहिली होती. पाड्यावरचे म्हातारेबाबा शेजारी बसून विचारत होते, "साहेब, आमचा डोंगर कागदात बसला का?" मी त्यांना सांगितले, उद्या बसेल.

सकाळी ती रेषा पुन्हा मोजली. छातीइतक्या गवतातून २४ नव्हे, २५ साखळ्या निघाल्या. हरवलेली सळई काही सापडली नाही. रेषा दगडावर येऊन मिळाली, आणि बाबांना विचारून मी त्या डोंगराचे नाव पेन्सिलीने कागदावर लिहिले.