गप्प बसणाऱ्या चुका

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेशी गाठ पडली की सगळ्यांना धास्ती असते ती एररची. खरं तर एरर हा फार प्रामाणिक प्राणी. विधानाच्या शेवटचा सेमीकोलन (;) राहिला की कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणारा, लगेच बोंब मारतो. आता, टर्बो सी हा जुना कंपायलर बोट दाखवतो ते पुढच्या ओळीकडे, त्यामुळे पोरं धड असलेली सहावी ओळ दहादा वाचतात. पण त्याचंही बरोबर आहे: पाचव्या ओळीतलं विधान संपलंच नाही, म्हणून तो वाचत पुढे गेला आणि सहावीच्या पहिल्या शब्दाला अडखळला. एक महिरपी कंस विसरला तर वीस एरर येतील. फक्त पहिली दुरुस्त करायची आणि पुन्हा कंपाइल करायचं. बाकीच्या बहुधा तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात.

भीती वाटायला हवी ती गप्प चुकांची. सेल्सिअसचं फॅरनहाइट करा, हा ठरलेला प्रयोग. सूत्र ९/५ ने सुरू केलं की १०० अंशांचे २१२ ऐवजी १३२ होतात. दोन्ही पूर्णांक, म्हणून सी भागाकारातला अपूर्णांक टाकून देते आणि ९/५ म्हणजे १ उरतो. ९.०/५ लिहिलं की भागतं. गंमत अशी की तपासायला ० टाकला, तर उत्तर ३२ येतं. अगदी बरोबर! आणि तपासताना ० च टाकावासा वाटतो.

अट तपासणाऱ्या ‘इफ’च्या कंसात बरोबरची दोन चिन्हं लागतात; तिथे एकच पडलं तर तुलना होतच नाही, उजवीकडची किंमत डावीकडे जाऊन बसते. ती शून्य नसेल तर अट कायमची खरी. जीसीसी या कंपायलरला वॉर्निंग दाखवायला सांगितलं, तर तो निदान कुरकुरतो. सांगायचं मात्र आपणच.

आणि मग फॅक्टोरियल, म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्यांचा गुणाकार. टर्बो सीमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा डबा, दोन बाइटचा, ३२७६७ च्या पुढे त्याची झेप नाही. ७ चं ५०४० नीट येतं, ८ चं येतं उणे २५२१६. उणे दिसलं की निदान शंका तरी येते. आजच्या चार बाइटच्या इंटला १२ पर्यंत काही होत नाही. १३ ला मात्र तो साधारणपणे १९३२०५३५०४ हा आकडा देतो. खरं उत्तर ६२२७०२०८००. दोन्ही दहा आकडी, दोन्ही अधिक चिन्हाचे. डोळ्यांनी कोण ओळखणार?

यावर जुना उपाय ड्राय रनचा, म्हणजे प्रोग्रॅम हाताने चालवून बघायचा. कागदावर प्रत्येक व्हेरिएबलला (किंमत ठेवलेल्या नावाला) एक रकाना, लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, प्रत्येक फेरीला एक ओळ. कंटाळवाणं काम आहे, म्हणून तो तक्ता बहुतेक वेळा प्रोग्रॅम चालल्यानंतर भरला जातो. आउटपुटही जर्नलात, म्हणजे प्रयोगवहीत, आधीच लिहून तयार असतं: सगळ्या बॅचचं ५ चं १२०. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, ते पान बघतात, मान डोलावतात आणि म्हणतात, “छान. आता १३ टाका.”