सपरीत आणलेल्या मिरचीवरची कीड

मिरचीचं झाड एका हंगामाचं नसतं. जपलं तर कुंडीतलं झाड दोन-तीन वर्षं फळतं, आणि खोड जून झालेलं असल्यानं दुसऱ्या वर्षी लवकर फळतं. विदर्भातली थंडी त्याला सहसा मारत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा अधूनमधून १० अंशांखाली उतरतो, वाढ थांबते, फुलं गळतात. म्हणून कुंड्या सपरीत, म्हणजे घराला लागून असलेल्या छपराखाली, किंवा ओसरीत घ्यायच्या, एवढंच. आत घेतलेली झाडं जातात ती बहुतेक वेळा किडीनं.

बाहेर मावा वाढला तरी ढालकिडे आणि क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकिड्याच्या अळ्या त्याला खात असतात. वारा-पाऊसही कीड झाडतो. सपरीत यातलं काहीच नाही, उलट ऊब आणि आडोसा आहे. त्यात हाच काळ पऱ्हाटी उपटण्याचा. शेतातली कपाशी वाळली की तिच्यावरची पांढरी माशी, तुडतुडे, फुलकिडे हिरवं शोधत गावात शिरतात. जळणासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांवर पिठ्या ढेकूणही टिकून असतो. म्हणून मिरचीची कुंडी त्या ढिगापासून लांब हवी.

खरं काम कुंडी आत आणण्याआधीच करायचं असतं, आणि ते फवारणीचं नाही, छाटणीचं आणि धुण्याचं आहे. उरलेल्या मिरच्या तोडून घ्या. धारदार कात्री स्पिरिटनं पुसा आणि झाड दोन-तीन मुख्य फांद्यांपर्यंत, साधारण वीतभर उंचीवर, कापा. प्रत्येक फांदीवर दोन-तीन डोळे राहू द्या. पानं सगळी काढली तरी चालतात, दिवसा ऊन मिळालं की नवी फुटतात. मावा, पांढऱ्या माशीची पिल्लं आणि कोळी (घरात जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा अगदी बारीक जीव) पानांवर आणि कोवळ्या शेंड्यांवरच असतात, त्यामुळे त्यांचा मोठा भाग या एका कामात निघून जातो. कापलेला पाला आवारात टाकू नका. पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, बांधून दोन दिवस कडक उन्हात ठेवा.

मग कुंडीच्या तोंडावर पन्नी बांधून माती झाका, कुंडी आडवी करा आणि पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवून जोराची धार मारा. फांद्यांचे बेचके, खोडाचा खालचा भाग आणि पानं ठेवली असतील तर त्यांची खालची बाजू धुवायला विसरू नका. वरची दोन बोटं माती खरवडून फेका, कारण फुलकिड्यांचे कोष मातीत आणि पडलेल्या पाल्यात असतात. तिथं नवी माती, शेणखत आणि बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड घाला. थंडीभर युरिया नको. नत्रानं फूट लुसलुशीत होते आणि मावा तिथंच बसतो.

एवढं करूनही कीड आली तर औषध हातात घेण्याआधी ती कोणती ते ओळखा. पान बोलतं. कडा वर वळून पान द्रोणासारखं झालं तर फुलकिडे. कडा खाली वळल्या, देठ लांबले, शेंडा आखडला, तर पिवळा कोळी. काही जण त्यालाच पांढरा कोळी म्हणतात. पानावर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळी असेल तर लाल कोळी. चिकटा आणि मुंग्या दिसल्या तर मावा किंवा पिठ्या ढेकूण. गावात या सगळ्याला सरसकट कोकडा किंवा चुरडामुरडा म्हणतात आणि एकच औषध मारतात. फसगत इथंच होते, कारण कोळी हा कीटक नाही आणि कीटकावरची बरीच औषधं त्याच्यावर चालत नाहीत. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनी तर कोळी खाणारे मित्रकिडे मरतात आणि कोळी वाढतो.

फुलकिडे पाहायचे असतील तर शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. मिलिमीटरभर लांबीचे पिवळसर, सरपटणारे जीव दिसतील. पिवळा कोळी मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्याला दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. मावा कात टाकतो, तिची पांढरी टरफलं पानावर चिकटतात आणि ती पांढरी माशी वाटते. झाड हलवून पाहा. उडाली तर माशी.

माव्यासाठी आधी पाणीच. तीन दिवसांआड जोराची धार मारली तर थोडा मावा फवारणीविनाच आटोक्यात येतो. उरला तर निंबोळी अर्क, कारण कच्चा माल आपल्या दारात पडतो. जून-जुलैत वेचून सावलीत वाळवलेल्या निंबोळ्या ५० ग्रॅम कुटा, अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून दोनदा गाळा, त्यात २ ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा आणि पाणी घालून एकूण एक लिटर करा. हा झाला ५ टक्के अर्क. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर वापरा. निंबोळीतलं किडीवर काम करणारं द्रव्य, अझाडिरॅक्टिन, उन्हात लवकर निकामी होतं. निंबोळ्या नसतील तर लिटरला ५ मिली निमतेल. थंडीत निमतेल गोठतं, म्हणून बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करा. आधी तेलात एक-दोन मिली भांड्यांचा पातळ साबण घोटा, मग पाणी थोडं थोडं घाला. तेल थेट पाण्यात ओतलं तर ते वर तरंगतं, शेवटच्या झाडावर नुसतं तेल पडतं आणि पानं भाजतात. कपड्यांची पावडर किंवा सोडा वापरू नका.

पाण्याकडेही लक्ष हवं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणि इतरत्र अनेक बोअरवेलला पाणी जड असतं. साबण टाकल्यावर फेस न येता पांढरी साय तरंगली, तर तो साबण कीड मारणार नाही. आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या.

फवारा पानाच्या खालून वर मारायचा. वरून राख भुरभुरणारे पुष्कळ आहेत, पण कीड पानाखाली असते. आणि एका फवाऱ्यात काम होत नाही. अंडी वाचतात आणि काही दिवसांत पिल्लं निघतात, म्हणून ५ ते ७ दिवसांच्या अंतरानं तीन-चार वेळा फवारावं लागतं. दोन फवाऱ्यांनंतर कीड दिसेनाशी होते, माणूस थांबतो, आणि तीन आठवड्यांनी झाड पुन्हा भरतं. वळलेली जुनी पानं सरळ होत नाहीत. गुण आला की नाही ते नव्या पानावरून ठरवा.

कोळ्यावर गंधक. आधी आखडलेले शेंडे कापून टाका. मग पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला ३ ग्रॅम, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. कुंडी संध्याकाळी आवारात नेऊन फवारा, नाकाला फडकं बांधा, पानं सुकल्यावर आत घ्या. दोन पथ्यं कडक आहेत. निमतेल मारल्यावर १५ दिवस गंधक नको, कारण दोन्ही मिळून पानं जाळतात. दिवसाचा पारा ३२ अंशांवर जाऊ लागला की गंधक थांबवा. आपल्याकडे फेब्रुवारीतच ती वेळ येऊ शकते, म्हणून कोळ्याचा बंदोबस्त जानेवारीतच उरका.

पिठ्या ढेकूण बेचक्यात कापसासारखा बसतो आणि त्याच्या मेणावरून पाणी ओघळून जातं. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटचा बोळा फिरवून एकेक पुसा, चुलीपासून लांब. कोवळी पानं टाळा. मुंग्या त्याची आणि माव्याची राखण करतात, म्हणून कुंडी विटेवर ठेवा आणि वीट पाण्याच्या ताटलीत. मातीवर उडणारी काळी चिलटं म्हणजे पाणी जास्त होतंय. वरची बोटभर माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नका.

कपाशीची उरलेली औषधं घरातल्या मिरचीवर मारू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि मजूर दगावले, तेही उघड्या शेतात. सपरीत लेकरं झोपतात, आणि मिरची तोडून सरळ फोडणीत जाते. तंबाखूचा काढाही नको. निकोटिन माणसालाही विषारी आहे, शिवाय तंबाखूतून मोझॅक विषाणू मिरचीत येतो. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटलेल्या हातांनीही तो येऊ शकतो, म्हणून झाडाला हात लावण्याआधी साबणानं हात धुवा.

नवी पानंही बारीक, पिवळट आणि वळलेलीच येत असतील, भिंगाखाली कीड नसेल, छाटूनही तसंच फुटत असेल, तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला पर्णगुच्छ विषाणू समजा. त्यावर औषध नाही. माश्या उडू नयेत म्हणून झाडावर आधी साबणाचं पाणी मारा, मग मुळासकट उपटून पन्नीत बंद करा. हा विषाणू मातीत राहत नाही, त्यामुळे कुंडीतली माती उन्हात पसरून वाळवली की तिच्यात मेथी किंवा सांभार (कोथिंबीर) पेरता येतो.