अनुक्रमणिकेतल्या खुणा

शाळेच्या महोत्सवाची ही स्मरणिका निघते आहे, त्यानिमित्ताने आपल्या कोकणातल्या शाळेच्या जनरल रजिस्टरात, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, 1982 च्या दिवाळीनंतरची पानं कोणीतरी उघडून बघावीत. ‘पूर्वीची शाळा’ या रकान्यात लालबाग, परळ, शिवडी, नायगाव अशी ठिकाणं एकाखाली एक लागलेली दिसतील. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार उभे राहिले आणि त्यात आपल्या पंचक्रोशीतल्या जवळजवळ प्रत्येक वाडीतलं कोणी ना कोणी होतं. ‘आज मिटेल, उद्या मिटेल’ म्हणत काहींनी मे महिन्यात बायकापोरांना गावी धाडलं, काहींनी गणपतीत. आमच्या बाबांनी दिवाळीपर्यंत कळ काढली. मग वाण्याची उधारी आणि खोलीचं भाडं दोन्ही हाताबाहेर गेलं आणि पाचवीचं वर्ष अर्ध्यात टाकून मी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आपल्या शाळेच्या पायरीवर येऊन उभा राहिलो.

पुस्तकं बदलायची नव्हती, हे आईला मोठं समाधान. बालभारतीची पुस्तकं सगळ्या राज्याला एकच. पण पुस्तक एक असलं म्हणून त्यातलं पान एक नसतं. मुंबईत जून ते दिवाळी सलग शाळा चाललेली. इकडे जुलैत लावणी, निम्मा वर्ग चिखलात. नंतर गणपतीची सुट्टी. त्यात इंग्रजीच्या शिक्षकांची जागा गणपतीपर्यंत रिकामीच होती. तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, त्यामुळे मी आलो तेव्हा वर्ग अजून मुळाक्षरांत होता आणि मी छोटी वाक्यं लिहीत होतो. गणितात अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी मी करून आलो होतो, इथे छेद म्हणजे काय तिथून सुरुवात. इतिहासाचे तर मागचे धडेच्या धडे पुन्हा.

पहिले काही दिवस मजेत गेले. बाईंनी प्रश्न विचारायचा अवकाश, माझा हात वर. शेजारी बसणारा वैतागून म्हणाला, “तुका येता मां? मगे गप बस. आमका शिकांदी.” त्याचं खरंच होतं. हळूहळू बाईही माझ्याकडे बघेनाशा झाल्या. मग मी खिडकीतून बघायला शिकलो. बाहेर माडावर चढलेला पाडेली, कुंपणावर वाळत घातलेली जाळी, समोरच्या घाटीवरून दमत चढणारी एसटी. कधी बाई माझ्या हातात खडू द्यायच्या आणि मागच्या बाकांना अक्षरं गिरवायला लावायला सांगायच्या. मला त्याचा अभिमान वाटायचा. आज मागे वळून पाहताना वाटतं, तो बाईंच्या सोयीचा भाग जास्त आणि माझ्या शिक्षणाचा कमी होता. पंचवीस पोरं एका गतीने चाललेली, त्यात एक पुढे गेलेला. त्याला कामाला लावलं की गोंगाट तरी करत नाही.

दुसऱ्यांदा ऐकण्यात काहीच नव्हतं असं मात्र म्हणणार नाही. कवितांचं उलटं झालं. मुंबईत कविता म्हणजे प्रश्नोत्तरं आणि रिकाम्या जागा. इथे मराठीच्या बाई त्या चालीवर म्हणून घ्यायच्या, सगळा वर्ग एका सुरात, कौलं हलतील असा. त्याच कविता मला अजून पाठ आहेत.

नाताळानंतर घटक चाचणी झाली आणि माझा पहिला नंबर आला. घरी त्या वर्षात आलेली बहुधा ती एकमेव चांगली बातमी. बाबा तेव्हा खळ्यात दुसऱ्याची जाळी विणायला बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “झिलाचो पयलो नंबर इलो.” मुंबईच्या शाळेचा पाया पक्का, असं सगळी वाडी म्हणू लागली. अशा वेळी पोराला काय येत नाही हे शोधायला कोण बसतं?

ते शोधलं गणिताच्या सरांनी. (त्यांचं नाव लिहीत नाही. स्मरणिकेत माझी आरती नको, असं त्यांनी फोनवर बजावलं आहे.) वार्षिक परीक्षेआधी उजळणी सुरू होती. सरांनी फळ्यावर एक कोन काढला आणि तसाच वहीत काढून मोजायला सांगितला. मी कंपासपेटीतून कोनमापक काढला. अर्धगोल, पारदर्शक, त्यावर आकड्यांच्या दोन रांगा, एक उजवीकडून शून्याने सुरू होणारी, दुसरी डावीकडून. मी बाहेरची रांग वाचली आणि लिहिलं 120 अंश. वहीत कोन तर काटकोनापेक्षा स्पष्ट लहान दिसत होता. सर मागे येऊन उभे राहिले, वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पहिल्या नंबरवाल्याला ओरडतील म्हणून सगळा वर्ग कान देऊन बसला होता. सरांनी फक्त विचारलं, “तुमच्याकडे भूमिती दिवाळीनंतर घ्यायची होती काय रे?”

तेच झालं होतं. मुंबईत पहिल्या सत्रात अपूर्णांक आणि भूमिती नंतर. सर नेमकं उलटं करायचे. लावणीच्या दिवसांत निम्मी मुलं गैरहजर. अपूर्णांकाचा एक तास बुडला की पुढचे सगळे अडतात, भूमितीचा तास सुटा सुटा घेता येतो, म्हणून भूमिती ते जून-जुलैतच उरकत. म्हणजे अपूर्णांक मला दोनदा मिळाले आणि कोन एकदाही नाही. दोनदा मिळालेल्याचं एवढं कौतुक झालं की न मिळालेलं त्याखाली झाकून गेलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा सगळ्या मुंबईवाल्यांना पुस्तकं घेऊन स्टाफरूमबाहेर बोलावलं. पुस्तक अनुक्रमणिकेवर उघडायला लावलं. “तिकडे झालं त्याच्यापुढे बरोबरची खूण. इथे झालंय ते मी वाचतो, त्याच्याभोवती गोल करा. पेन्सिलीनेच.” प्रत्येकाचं पान वेगळं निघालं. परळहून आलेल्या मुलीचं मोजमाप पूर्ण सुटलं होतं, शिवडीच्या एकाला भागाकार दोनदा मिळाला होता आणि दशांश अजिबात नाही. खूणही नाही आणि गोलही नाही असे घटक सरांनी एका कागदावर उतरवून घेतले आणि संध्याकाळी वस्तीची गाडी येईपर्यंत आम्हाला बसवून तेवढेच शिकवले. बाकीच्या विषयांच्या शिक्षकांनाही त्यांनी ही युक्ती सांगितली. काहींनी केली, काहींना ती आपल्या वर्गात ढवळाढवळ वाटली. त्यामुळे माझा भूगोल कच्चा तो कच्चाच राहिला.

आम्हा मुंबईवाल्यांतला एकजण सहावीत जाण्याआधीच पुन्हा मुंबईला गेला. त्याच्या वडिलांना तिकडे वॉचमनची नोकरी मिळाली होती. सरांनी निघताना त्याच्या गणिताच्या पुस्तकावर खुणा तपासल्या आणि म्हणाले, “तिकडच्या बाईंना हे पान दाखव.” दाखल्यावर जन्मतारीख, जात, वर्तणूक, सोडण्याचं कारण, सगळं होतं. काय शिकून झालं, याला त्यावर रकाना नव्हता.

तो रकाना आजही नाही. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यानुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाचा प्रवेश अडवता येत नाही आणि त्याला वयानुसार वर्गात बसवावं लागतं, मागे राहिलं असेल तर त्याला विशेष शिकवण्याची तरतूदही आहे. आमच्या वेळी वय बघून नव्हे तर हेडमास्तरांच्या मर्जीवर एखाद्याला एक इयत्ता खाली उतरवत, ते तरी थांबलं. पण वर्गात बसवल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. आता मुंबईची मुलं नाहीत, दुसरी आहेत. चिरेखाणीवर कामाला आलेल्या कर्नाटकातल्या कुटुंबांची मुलं दिवाळीनंतर येतात आणि पाऊस लागला की जातात. ट्रॉलरवरच्या नेपाळी खलाशांची, आंब्याच्या बागांत राखणीला असलेल्यांची मुलं येतात. त्यांची तर पुस्तकंही वेगळी, भाषाही वेगळी. अनुक्रमणिका समोर ठेवून खुणा जुळणार नाहीत. तिथे धड्यांऐवजी घटक विचारावे लागतील: हातच्याची वजाबाकी येते का, घड्याळ वाचता येतं का, कोनमापक धरता येतो का. गणिताला भाषा कमी लागते, सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

म्हणून महोत्सव समितीला एक सूचना. सभागृहाच्या रंगरंगोटीचं ठरलंच आहे, ते होऊ द्या. त्यासोबत प्रत्येक इयत्तेच्या गणिताच्या घटकांची एका पानाची यादी छापून घ्यावी. मूल मध्येच आलं की पहिल्या आठवड्यात त्याच्यासोबत बसून ती भरायची, आणि मूल जाताना तीच यादी दाखल्याला टाचून द्यायची. नव्या शाळेने बघितली तर बघितली. झेरॉक्सचा खर्च माझ्याकडे लागला. यादी कशी करायची ते सरांना विचारा, ते अजून मळ्यातल्या घरीच असतात आणि संध्याकाळी पाचनंतर भेटतात.