फोटोखाली नाव हवंच : आमची वाटचाल

वडिलांनी परळला फोटो स्टुडिओ काढला तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजत होते. पासचे फोटो, लग्नाच्या मुलींचे ‘दाखवायचे’ फोटो, गणपतीत मंडळाचा ग्रुप फोटो, एवढ्यावर दुकान चालायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि आमचं गिऱ्हाईक आटलं. दुकान तगलं ते लग्नांच्या ऑर्डरींवर. आजही जागेचं भाडं आणि पोरांचे पगार लग्नाच्या सीझनमधूनच निघतात. हे आधीच सांगते, कारण माणसं, त्यांची घरं आणि आठवणी नावानिशी टिपण्याच्या या कामात येऊ पाहणारी मुलं पहिला प्रश्न पैशाचा विचारतात, आणि तो रास्त आहे.

वडिलांची एक शिस्त होती. ऑर्डर बुकात ते नुसतं नाव लिहून थांबत नसत. चाळ, खोली नंबर, गिरणी आणि खातं, म्हणजे गिरणीतला विभागही लिहीत : साचेखातं, त्रासन, सायझिंग. निगेटिव्हच्या पाकिटावर तोच नंबर. आसपासचे स्टुडिओ बंद पडले तेव्हा त्यांच्या निगेटिव्ह पोत्यांनी भंगारात गेल्या. राहिल्या असत्या तरी त्यांतली माणसं कोण, हे कोणाला सांगता आलं असतं? आमच्याकडच्या पेट्या मात्र त्या वह्यांमुळे बोलत्या राहिल्या. आज एखादी बाई आजोबांचं नाव आणि चाळ सांगते आणि आम्ही त्यांचा तरुणपणीचा चेहरा काढून देतो.

मी आणि धाकटा भाऊ दुकानात बसायला लागलो आणि २६ जुलै २००५ चा पाऊस झाला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. कुर्ला, कलिन्याहून लोक भिजलेले अल्बम घेऊन आले. चिकटलेले फोटो ओढून काढायचे नसतात. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हलक्या हाताने सोडवायचे आणि चित्राची बाजू वर ठेवून हवेवर सुकवायचे. ते करता करता प्रत्येक घरात एकच गोष्ट दिसली : फोटो वाचला, पण त्यातल्या निम्म्या माणसांची नावं फक्त आजीला ठाऊक होती. तेव्हापासून आम्ही फोटोसोबत आवाजही घ्यायला लागलो. डॉक्युमेंटरी काम म्हणून वेगळं खातं सुरू झालं ते तिथून.

मुंबईत कॅमेरा फार लवकर आला. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी तिचे सभासद होते. पुढच्या दशकात छायाचित्रकार विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या जातीजमातींचे फोटो छापले. माणसं एकीकडे टिपलेली, पाठीमागचं दृश्य दुसरीकडचं, छपाईत दोन्ही जोडलेलं, आणि खाली जमातीचं नाव. ते फोटो मी आदराने पाहते, त्यातल्या पागोट्यांचे आणि दागिन्यांचे तपशील अमोल आहेत. पण ज्या माणसाला नाव दिलेलं नाही, त्याची संस्कृती जपली असं मी मानत नाही. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचं केलेलं काम पाहिलं तेव्हा आपल्याला कुठल्या रस्त्याने जायचंय, ते पक्कं झालं.

आमचं सगळ्यात मोठं काम चाळींचं. पुनर्विकासाची सही झाली की चाळ समिती किंवा एखादं घर आम्हाला बोलावतं. बीडीडी, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सरकारी ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’च्या चाळी घ्या : १९२० च्या दशकातल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, तळमजला अधिक तीन मजले, खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकास सुरू आहे तिथे बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय आणि त्याचा आनंद लोकांच्या तोंडावर असतो. तो आनंदही आम्ही टिपतो. काही ग्राहकांना फक्त रडके चेहरे आणि सोललेल्या भिंती हव्या असतात. एका कंपनीने पुस्तकासाठी ‘नावं काढा, चेहरे पुरेत’ असं कळवलं, तेव्हा आम्ही अ‍ॅडव्हान्स परत केला.

पहिल्या भेटीला कॅमेरा नेत नाही. चहा घेतो, बसतो, आणि एक प्रश्न हमखास विचारतो : रात्री कोण कुठे झोपायचं? या प्रश्नाने घर उघडतं. पोटमाळ्यावर काका, मोरीच्या कडेला मोठी वहिनी, गॅलरीत मुलगे, आणि गावाहून आलेले गाववाले पाळीप्रमाणे. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठून जायचा. भाऊ त्याचा नकाशा हाताने काढतो, घरचे तो दुरुस्त करतात, आणि त्यावरून वाद झाला तर तोही आम्ही रेकॉर्ड करतो. मग फोटो. प्रत्येक खोली दाराच्या त्याच कोपऱ्यातून, ट्रायपॉडवर, फ्लॅशशिवाय, कारण दार आणि खिडकीचा उजेड हाच त्या खोलीचा उजेड. सामान आवरायला सांगत नाही. हंडे, पिंप, देव्हारा, शिलाई मशीन जिथे असेल तिथे.

कोळीवाड्यांत काम वर्षाच्या चक्राने चालतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, त्या काळात जाळी विणणं आणि होड्यांची डागडुजी, पुढे नारळी पौर्णिमा. नटूनथटून मिरवणुकीचे फोटो सगळेच काढतात. आम्हाला जाळं विणणाऱ्या हातांचा फोटो हवा असतो, आणि त्या गाठी कोणी शिकवल्या त्या माणसाचं नावही.

कागदपत्रांबाबत आम्ही काटेकोर आहोत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. संस्थेने पैसे दिले तर फोटोतल्या आजीकडे काहीच उरत नाही. म्हणून आमच्या करारात तीन अटी असतात : घराला मोठा प्रिंट फुकट, फोटोसोबत नाव कायम, आणि घरच्यांनी नको म्हटलं तर फोटो प्रदर्शनातून उतरणार. या अटींमुळे कामं हातची गेली आहेत. चालेल.

मुंबईचा दमटपणा निगेटिव्हचा वैरी आहे. पावसाळ्यात बुरशी चढते, जुन्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागला की ती पेटी आधी स्कॅनला घेतो. स्कॅन टिफमध्ये (फोटोचा बारकावा न गमावणारा फाइलचा प्रकार), नाव-तारीख-ठिकाण फाइलच्या आतच भरलेलं, तीन प्रती आणि त्यांतली एक मुंबईबाहेर.

सध्या वडिलांच्या वह्या गिरणीवार लावतोय. तुमच्या घरातलं कोणी लालबाग, परळ, नायगाव किंवा शिवडीत राहिलं असेल तर नाव, चाळ आणि साधारण साल घेऊन दुकानात या. रविवारी सकाळी मोठं टेबल मोकळं ठेवतो. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला सोबत आणा. जिना चढवत नसेल तर कळवा, आम्ही पेटी खाली आणू.