परमिट आहे, पण नदीपलीकडे चालत नाही
आज शेजाऱ्यासोबत त्याच्या गाडीने पेन्सिल्व्हेनियातून व्हर्मांटला आलो, पानांचे रंग बघायला. गडी कमरेला पिस्तूल लावून फिरतो, रीतसर परमिट आहे. ईस्टनला डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत शिरायच्या आधीच गाडी बाजूला घेतली, मॅगझिन काढलं, चेंबर दोनदा तपासलं, पिस्तूल कुलूपवाल्या पेटीत, गोळ्या वेगळ्या, सगळं डिकीत. मी म्हटलं अरे परमिट आहे ना, तर म्हणे न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याच राज्याचं परमिट मानत नाही, न्यूयॉर्क पण नाही. ड्रायव्हिंग लायसन्स देशभर चालतं आणि हे नाही, गंमतच आहे! 1986 च्या केंद्राच्या कायद्याने नुसतं पार होता येतं, पण पिस्तूल रिकामं आणि हाताला न लागणारं हवं, ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलेलं चालत नाही. 2013 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका बाईने न्यू जर्सीत पोलिसाला प्रामाणिकपणे सांगितलं की गाडीत पिस्तूल आहे, तर थेट अटक! शेवटी 2015 ला तिथले गव्हर्नर ख्रिस क्रिस्टींनी माफी दिली. हे ऐकल्यावर मी न्यूयॉर्क संपेपर्यंत स्पीडोमीटरवरून नजर हटवली नाही, बायको मागे निवांत चिवडा खातेय. आणि व्हर्मांटमध्ये? तिथे परमिट ही भानगडच नाही, लागतच नाही!