बोटात ९८ टक्के, पावलात टंचाई

ऊसतोडीचा हंगाम संपून टोळ्या बीड जिल्ह्यात परतल्या, की आमच्याकडे पायाच्या जखमा घेऊन येणारे रुग्ण वाढतात. त्यांतल्या एका पन्नाशीच्या रुग्णाचा विचार अजून माझ्या मनातून जात नाही. मधुमेह, वर्षानुवर्षांची बिडी आणि फडात पावलाला झालेली जखम. ती लाल नव्हती, सुजलेली नव्हती, पूही नगण्य होता. पण ती भरत नव्हती आणि दोन बोटे काळी पडली होती. आधीच्या कागदांत प्रतिजैविके एकामागून एक बदललेली होती, पावलाची नाडी चाचपल्याची नोंद मात्र कुठेच नव्हती. ते कागद वाचताना मला मनस्वी चीड आली.

हाताच्या बोटावरील पल्स ऑक्सिमीटर ऑक्सिजन ९८ टक्के दाखवत होता, पण तो आकडा धमनीतल्या रक्ताचा असतो, पावलाच्या ऊतींचा नव्हे. पावलावरची नाडी लागत नव्हती. घोट्याचा रक्तदाब दंडापेक्षा बराच जास्त भरला. मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती दबत नाही, म्हणून हे मोजमाप फसवे ठरते. रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारे डॉपलर यंत्र लावल्यावर ठसठशीत ठोक्याऐवजी मंद, एकसुरी सुसकारा आला, आणि रक्तपुरवठाच तुटल्याची खात्री पटली.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, पण मारण्यासाठी लागणारे सुपरऑक्साइड त्या ऑक्सिजनपासूनच बनवतात. अमिकासिन या प्रतिजैविकालाही जंतूच्या आत शिरायला ऑक्सिजन लागतो. मग नुसते औषध बदलून काय साधणार होते?

छत्रपती संभाजीनगरला पायाच्या तुंबलेल्या धमनीची अँजिओप्लास्टी होऊन रुग्ण परतला, तेव्हा पाऊल लाल, गरम झाले होते आणि पू वाहत होता. "साहेब, इलाज झाल्यावरच पाय सुजला की!" मुलगा संतापून म्हणाला. मला मात्र ती लाली पाहून धीर आला, कारण प्रतिकार करण्याइतका ऑक्सिजन आता तिथे पोहोचत होता. पू काढला, दोन्ही बोटे काढली. कापलेल्या कडेतून ताजे रक्त आले. पाऊल वाचले.

तरीही एक प्रश्न सुटलेला नाही. ऑक्सिजन कमी असला की पेशीत एचआयएफ-१ हे प्रथिन टिकून राहते (पेशींना ऑक्सिजन कसा जाणवतो, या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले) आणि त्याच्या प्रभावाने न्यूट्रोफिल अधिक काळ जगतात. रक्त परतल्यानंतर बोटांलगतच्या त्वचेचा जो पट्टा गेला, तो जंतूंनी खाल्ला की तिथे रेंगाळलेल्या याच पेशींनी, हे त्या जखमेवरून मला ठरवता आले नाही.